सांगलीत राहून पुस्तके काढताना : लहान प्रकाशनसंस्थेच्या कामाचा क्रम

मराठी ग्रंथव्यवहाराची बाजारपेठ पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एकवटलेली आहे आणि ती तिथून लवकर हलेल असे दिसत नाही. तरीही सांगली-मिरजेसारख्या गावी बसून वर्षाला चार-सहा पुस्तके नीट काढता येतात, ती विकता येतात आणि लेखकाला वेळेवर मानधनही देता येते. त्यासाठी कामाचा क्रम मात्र माहीत असावा लागतो. हा लेख अशा संस्थेत नव्याने रुजू झालेल्या किंवा स्वतःच अशी संस्था काढू पाहणाऱ्या व्यक्तीसाठी आहे. हा क्रम संहितेपासून सुरू होतो, असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते तो प्रतींपासून सुरू व्हावा. ज्या पुस्तकाच्या पहिल्या दोनशे प्रती कोणाकडे जाणार हे कागदावर लिहून दाखवता येत नाही, ते पुस्तक कितीही चांगले असले तरी छापखान्यात पाठवण्याची घाई करू नये.

आधी प्रतींची यादी

संहिता वाचून झाली आणि आवडली, की एक कोरा कागद घ्यावा आणि प्रती कोणाकोणाकडे जातील हे नावानिशी लिहावे. ‘सर्वसामान्य वाचक’ या नावाचा माणूस दुकानात येत नाही. द्राक्षबागेवरचे पुस्तक असेल तर तासगाव, पलूस, मिरज या तालुक्यांतले बागायतदार, त्यांना खते-औषधे विकणारे दुकानदार आणि कृषी महाविद्यालयांची ग्रंथालये डोळ्यांसमोर येतात. संगीत नाटकावरचे असेल तर हौशी नाट्यसंस्था, गायनाचे वर्ग आणि मिरजेत तंतुवाद्ये घ्यायला येणारे गायक-वादक येतात. कवितासंग्रह असेल तर कवी स्वतः, त्याचे स्नेही आणि इतर कवी येतात. हे लिहिताना मी कवितेला कमी लेखत नाही; तिचे गणित दोनशे प्रतींच्या आत बसवले तर ती कोणालाही बुडवत नाही, आणि हजार प्रती छापल्या तर त्या कवीच्या माळ्यावर जाऊन बसतात, एवढेच मला सांगायचे आहे.

या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांचा रकाना वेगळा ठेवावा. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये राज्यात हजारोंनी आहेत आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे. ‘अ’ वर्गाचे तालुक्याचे ग्रंथालय आणि एखाद्या वाडीतले ‘ड’ वर्गाचे ग्रंथालय यांच्या खरेदीच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अनुदानाचा हप्ता हाती आल्यावर आणि मार्चअखेर जवळ आल्यावर ही ग्रंथालये खरेदीला निघतात. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात निघालेले पुस्तक त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचते, तर एप्रिलात निघालेले पुस्तक वर्षभर वाट पाहत बसते. शासनाच्या ग्रंथनिवड यादीसाठी आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या खरेदीसाठी प्रती जरूर पाठवाव्यात. मात्र ती खरेदी होईलच, असे धरून आवृत्तीच्या प्रती वाढवू नयेत. माझ्या पाहण्यात लहान प्रकाशक इतर कशापेक्षाही या एका आशेपायी अधिक अडकले आहेत.

यादी पूर्ण झाल्यावर तिची बेरीज करावी आणि तीत भाबडेपणाने लिहिलेली नावे किती, हे तपासून एक तृतीयांश नावे सरळ कापावीत. जो आकडा उरतो तो आवृत्तीचा आधार असतो. पूर्वी मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढण्याची पद्धत होती. आज तीनशे ते पाचशे प्रतींवर समाधान मानणे शहाणपणाचे आहे, कारण गरज पडलीच तर डिजिटल छपाईने पन्नास प्रतीसुद्धा पुन्हा काढता येतात.

संस्थेची नोंदणी

या पायरीवर फार वेळ घालवू नये. एकल मालकीची संस्था पुरेशी असते. माणसे थोडी असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते, लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते आणि संस्थेच्या नावाने चालू खाते उघडले की व्यवहार सुरू करता येतो. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला त्या कराची नोंदणी सक्तीची नसते. पण कागदावर आणि छपाईवर कर असतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो आपल्याला वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच जातो. म्हणून छापखान्याचे दरपत्रक नेहमी करासह मागावे. लेखकाला दिलेल्या मानधनावरच्या कराची जबाबदारी काही प्रसंगी प्रकाशकावर येते, त्याबद्दल पहिल्याच वर्षी लेखापालाशी बसून बोलून घ्यावे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मध्यस्थ त्याचे शुल्क सांगू लागला तर त्याला नमस्कार करावा. क्रमांक तेरा अंकी असतो. कापडी किंवा पुठ्ठा बांधणीची प्रत, साधी प्रत आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच क्रमांक चालतो, सुधारित आवृत्तीला मात्र नवा घ्यावा लागतो. अर्जाला लागणारा वेळ कमी-जास्त होतो, म्हणून पहिले प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, हातात असतानाच अर्ज करून ठेवावा.

संहितेला उत्तर देणे

संस्थेचे नाव दोन-तीन पुस्तकांवर झळकले की संहिता आपोआप येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेक परत करायच्या असतात. नकार द्यायला संकोच वाटतो म्हणून महिनोन्‌महिने काहीच न कळवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि नकारापेक्षा ती लेखकाला अधिक लागते. संहिता मिळाल्याची पोच त्याच आठवड्यात द्यावी, निर्णयाची तारीख सांगावी आणि त्या तारखेला दोन ओळींचे का होईना, पण उत्तर पाठवावे. संहितेतले काय आवडले हे एका वाक्यात लिहिता आले तर लिहावे. पुस्तक घेत नाही, याची कारणे पानभर मांडू नयेत, कारण त्यातून फक्त वाद वाढतो.

लेखकाच्या पैशाने पुस्तक काढण्याचा विषय इथेच स्पष्ट केलेला बरा. जिल्ह्याच्या गावी ही पद्धत सर्रास चालते आणि तिच्यात मुळात अनैतिक असे काही नाही. ती लपवून ठेवणे मात्र वाईट. लेखक छपाईचा खर्च देत असेल तर त्याला किती प्रती मिळणार, उरलेल्या कोणाच्या मालकीच्या, विक्रीचे पैसे कोणाचे आणि आपण नेमके कोणते काम करणार, हे लेखी असावे. ज्यांच्या पहिल्या पुस्तकाला पैशाची अडचण आहे अशा लेखकांना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती आपणहून द्यावी.

करार

करारनामा दोन पानांचा पुरतो, पण तो पाहिजेच. ‘आपली घरचीच माणसे आहेत’ हे वाक्य ऐकले की कागद पुढे करावा, कारण पुस्तक चालले की वाद होतात आणि घरची माणसेच अधिक कडू भांडतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी झाले तरच ग्राह्य धरले जाते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. वेगळे काही ठरवलेले नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात न वापरल्यास तो संपतो. म्हणजे हक्क घेऊन संहिता कपाटात ठेवून देण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. छापील आवृत्ती, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर आणि नाट्य-चित्रपट रूपांतर यांचे हक्क एकेक करून लिहावेत आणि जे आपण वापरणार नाही ते लेखकाकडेच राहू द्यावेत.

जुनी पुस्तके पुन्हा काढण्याचा मोह या जिल्ह्यात साहजिक आहे, कारण इथली साहित्याची परंपरा मोठी आहे. पण त्याआधी हिशेब करावा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे हक्क चालू असतात. सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २००९पासून सर्वांना मोकळे झाले. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०२९ संपेपर्यंत आहेत. वि. स. खांडेकरांचा जन्मही सांगलीचाच आणि मृत्यू १९७६चा, त्यामुळे त्यांच्या बाबतीत २०३६ संपेपर्यंत वारसांची लेखी परवानगी लागते. मोकळ्या झालेल्या पुस्तकाला दुसऱ्या कोणी अलीकडे लिहिलेली प्रस्तावना, टीपा किंवा मुखपृष्ठ मात्र मोकळे झालेले नसते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही.

संपादन, अक्षरजुळणी आणि प्रूफ

पुस्तकाची पत याच टप्प्यावर ठरते आणि खर्च वाचवण्याची बुद्धीही नेमकी इथेच होते. तसे करू नये. मुखपृष्ठावर दोन हजार कमी खर्च केले तर पुस्तक साधे दिसेल, पण मुद्रितशोधकाचे, म्हणजे प्रुफे तपासणाऱ्याचे, दोन हजार वाचवले तर ते अडाणी दिसेल.

संपादनाला बसण्याआधी संस्थेचे लेखननियम एका पानावर लिहून भिंतीला लावावेत. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम पायाभूत आहेतच, पण त्यांत न बसणारे शेकडो प्रश्न रोज येतात. निवेदनात ‘केले’ आणि संवादात ‘केलं’ अशी विभागणी ठेवायची की सर्वत्र एकच रूप ठेवायचे, आकडे देवनागरी ठेवायचे की नाही, ‘डॉक्टर’ पूर्ण लिहायचे की ‘डॉ.’, गावांची जुनी नावे की नवी, हे प्रत्येक पुस्तकात नव्याने ठरवण्यात आयुष्य घालवू नये. संवादांतल्या बोलीला मात्र हे नियम लावू नयेत. पात्र ‘आलतो’, ‘गेल्तो’, ‘न्हाई’ असे बोलत असेल तर ते तसेच राहिले पाहिजे, आणि हे अक्षरजुळणी करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. तो शहाणा आणि कामसू असेल तर रात्रीत बसून सगळ्या ‘न्हाई’चे ‘नाही’ करून ठेवतो, आणि ते उलटे फिरवायला दोन दिवस जातात.

बऱ्याच ज्येष्ठ लेखकांच्या फाइली अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत येतात. त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करताना जे बिघडते ते ठरलेले आहे, म्हणून त्याची तपासणीही ठरवून करता येते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला आडवा रकार नाहीसा होतो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे संगणकाचा तपासनीस गप्प बसतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. म्हणून फाइलमध्ये ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी. ‘वाङ्मय’, ‘उद्ध्वस्त’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हे यांचेही असेच होते. पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-मांडणी चालू केली नसेल तर वेलांटी आणि जोडाक्षरे विस्कटतात. तेव्हा पहिली दहा पाने जुळून आली की पुढचे काम थांबवून ती छापून पाहावीत.

प्रूफ किमान तीनदा वाचावे. पहिले वाचन मुद्रितशोधकाचे, दुसरे लेखकाचे आणि तिसरे संस्थेतल्या अशा माणसाचे, ज्याने ही संहिता आधी पाहिलेली नाही. लेखकाला प्रूफ देताना ‘यात आता नवा मजकूर घालता येणार नाही’ हे लिहून द्यावे. तरी तो घालणारच, म्हणून अक्षरजुळणीच्या दरात एका फेरीच्या दुरुस्त्या धरूनच ठेवाव्यात. माहितीपर पुस्तक असेल तर दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट फिरवावे. सनावळ्या, आडनावे आणि कोष्टके यांतल्या चुका या पद्धतीने जितक्या सापडतात तितक्या दुसऱ्या कशाने सापडत नाहीत. सर्वांत शेवटी, दुसऱ्या दिवशी सकाळी, फक्त मोठी अक्षरे वाचावीत. मुखपृष्ठ, कणा (पुस्तकाची बांधणीकडची कड), शीर्षकपान, प्रकरणांची नावे, प्रत्येक पानाच्या डोक्यावरचे नाव, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे आणि मलपृष्ठ हे सगळे त्यांत येते. आतल्या पानावरची चूक वाचक माफ करतो, मुखपृष्ठावरची लेखकाचे नातेवाईकसुद्धा माफ करत नाहीत.

शीर्षकपानाच्या मागच्या पानावर प्रकाशक, पत्ता, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्तीची तारीख, हक्क, आयएसबीएन आणि मूल्य छापावे. मुद्रितशोधकाचे नावही तिथे असावे, असा आमचा आग्रह असतो.

कागद आणि छपाई

छापखान्यात जाण्याआधी आपला हिशेब आपल्याला करता यायला हवा, म्हणजे समोरचा सांगेल ते मान्य करावे लागत नाही. डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे, १६० पानांचे पुस्तक घेऊ. २३ बाय ३६ इंचांच्या एका तावातून, म्हणजे न कापलेल्या मोठ्या कागदातून, दोन्ही बाजू धरून या आकाराची ३२ पाने निघतात, म्हणजे एका प्रतीला ५ ताव लागतात. ५०० प्रतींना २,५०० ताव, आणि रिमात ५०० ताव असल्यामुळे ५ रिम कागद लागतो. वाया जाणारा कागद वेगळा. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) या आकाराच्या रिमाचे वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते. छापखान्याच्या दरपत्रकात यापेक्षा फारच जास्त कागद दाखवला असेल तर कारण विचारावे. पृष्ठसंख्या १६च्या पटीत बसवावी. १६३ पानांचे पुस्तक हट्टाने तसेच ठेवले तर तीन पानांसाठी नवा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला १६ पानांचा जुडगा, सुरू होतो आणि शेवटी कोरी पाने जातात. प्रस्तावनेतला एक परिच्छेद कापून ते १६० पानांत आणणे हे संपादकाचे काम आहे.

दीडशे-दोनशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते आणि पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे धातूच्या पत्र्यांवरून होणारी छपाई. मधल्या आकड्यांना दोन्हींचे दर घ्यावेत. सांगली-मिरजेत आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, कोल्हापुरात आणि पुण्यात असे तीन ठिकाणचे दर घेणे चांगले, पण पुण्याचा दर कमी दिसला तरी त्यात गठ्ठ्यांची वाहतूक मिळवून पाहावी. जवळच्या छापखान्याचा खरा फायदा दरात नसतो. यंत्र चालू असताना तिथे उभे राहता येते, हा तो फायदा.

कथा-कादंबरीला पिवळसर झाक असलेला कागद डोळ्यांना बरा वाटतो, तर छायाचित्रे असतील तर पांढरा घ्यावा. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना, हे विचारून घ्यावे. ती आडवी असेल तर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पानांना लाटा येतात. अडीचशे पानांच्या आतल्या पुस्तकाला गोंदाची परफेक्ट बाइंडिंग चालते. त्याहून जाड पुस्तक ग्रंथालयांना जाणार असेल तर फर्मे शिवून घ्यावेत, नाहीतर चौथ्या-पाचव्या वाचकाच्या हातात पाने सुटू लागतात.

मुखपृष्ठ करणारा चित्रकार फोन करून विचारतो, “सर, कणा किती धरू?” याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. त्याच कागदाची तेवढ्याच पानांची कोरी डमी बाइंडरकडून करून घ्यावी आणि पट्टीने मोजून सांगावे. वरच्या उदाहरणात तो सात-आठ मिलिमीटर भरेल. एका मिलिमीटरच्या फरकाने कण्यावरचे नाव मुखपृष्ठावर सरकते आणि कपाटात उभे केल्यावर ते पुस्तक कायमचे वाकडे दिसते.

पहिल्या पाच बांधलेल्या प्रती आल्या की लगेच गठ्ठे उचलू नयेत. एक प्रत मधोमध पूर्ण उघडावी, गोंद तडकतो का पाहावे. पानांचे आकडे सलग आहेत का, एखादा फर्मा उलटा किंवा दोनदा लागला आहे का, हे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अंगठा फिरवून बघावे. मागच्या पानाचा मजकूर आणि पुढच्या पानाचा मजकूर उजेडात धरल्यावर ओळीवर ओळ बसतो का, तेही पाहावे. पैशाची शेवटची रक्कम या तपासणीनंतरच द्यावी.

किंमत

आता सुरुवातीच्या यादीचा उपयोग होतो. आकडे समजण्यापुरते धरू. ५०० प्रतींचा छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठ मिळून खर्च ४५,००० रुपये आला आणि छापील किंमत २५० रुपये ठेवली. लेखकाचे मानधन छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. वितरकाने ४५ टक्के सवलत घेतली तर आपल्या हाती १३७ रुपये ५० पैसे येतात, मानधन वजा जाता ११२ रुपये ५० पैसे. खर्च निघायला ४०० प्रती विकल्या पाहिजेत. तीच प्रत वाचकाला २० टक्के सवलतीने थेट दिली आणि टपालखर्च त्याच्याकडून घेतला, तर मानधन वजा जाता १७५ रुपये उरतात आणि २५८ प्रतींत खर्च भरून निघतो. या दोन आकड्यांमधले अंतर हीच लहान संस्थेची जगण्याची जागा आहे. लेखकाच्या, पुरस्कारांच्या, परीक्षणाच्या आणि कायद्याने द्यायच्या प्रती मिळून चाळीस-पन्नास प्रती विनामूल्य जातात, त्या विक्रीच्या आकड्यातून आधीच वगळाव्यात. किंमत कमी ठेवली म्हणजे खप वाढतो, हा समज पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत खरा असेल. दोनशे माणसांसाठी काढलेल्या पुस्तकाला तो लागू पडत नाही.

साठवण

सांगलीत हा विषय वेगळा लिहावाच लागतो. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले आणि सांगली नगरवाचनालयाची हजारो पुस्तके त्यात गेली. २००५ आणि २०२१ सालीही शहरात पाणी शिरलेच होते. गावभाग, हरभट रोड किंवा गणपती पेठेच्या बाजूला तळमजल्यावरची स्वस्त खोली गोदामासाठी मिळत असेल तर ती स्वस्त का आहे, हे लक्षात घ्यावे. विश्रामबागेकडची वरच्या मजल्यावरची लहान खोली अधिक भाडे देऊनही परवडते. ५०० प्रतींचे वजन शंभर किलोच्या आत असते, त्यामुळे जिना चढवण्याचा बाऊ करू नये. गठ्ठे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून रचावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालचे गठ्ठे वर घ्यावेत. मालाचा विमा पुरासह आहे ना, हे वाचून घ्यावे. छपाईची अंतिम फाइल सांगलीबाहेरही एके ठिकाणी ठेवावी.

विक्री आणि वसुली

वितरकाकडे माल परतीच्या बोलीवर जातो, म्हणजे विकला तर पैसे आणि नाही विकला तर पुस्तके परत. तीन ते सहा महिन्यांची उधारी गृहीत धरलेली असते आणि ती वर्षावर जाते. याचा त्रागा करण्यापेक्षा पाठवलेल्या मालाच्या चलनांची वही नीट ठेवावी. तारीख, प्रती, सवलत, पैसे येण्याची तारीख आणि परत आलेल्या प्रती एवढे पाच रकाने पुरतात. दर तिमाहीला फोन करावा, आवाज चढवू नये आणि पहिल्या पुस्तकाचा हिशेब होईपर्यंत दुसरे पुस्तक पाठवू नये. एकदा एका मोठ्या दुकानाकडून आमच्या प्रती दोन वर्षांनी परत आल्या, तेव्हा त्यांच्या मुखपृष्ठांवर किमतीच्या चिकटपट्ट्यांचे थर होते आणि कोपरे मऊ पडले होते. अशा प्रती नव्या म्हणून विकता येत नाहीत. तेव्हापासून सुरुवातीला दहाच प्रती द्याव्यात आणि मागणी आली की लगेच पुढच्या पाठवाव्यात, ही पद्धत आम्ही धरली आहे.

थेट विक्रीसाठी टपालखाते अजूनही सर्वांत उपयोगी आहे. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्ट सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर ठेवण्यात आला, कर वेगळा. वर घेतलेले १६० पानांचे पुस्तक दोनशे ग्रॅमच्या आत बसते, म्हणजे पाकिटासकट ते सर्वांत खालच्या दरात जाते. पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव छापलेले असणे त्यासाठी आवश्यक आहे. पुस्तक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग पुठ्ठ्यात आणि मग पाकिटात घालावे. पाकिटावर मोबाइल क्रमांक लिहावा, कारण खेड्यात पोस्टमन पत्त्यापेक्षा फोनवर अधिक विसंबतो.

प्रदर्शने निवडून करावीत. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तसे मोठे संमेलन जवळ भरत असेल तर दालन घ्यावे. एरवी भाडे, राहणे आणि गाडीखर्च काढून किती प्रती विकाव्या लागतील हे आधी मांडावे, आणि एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन प्रकाशकांनी मिळून टेबल घ्यावे. मकरसंक्रांतीला औदुंबरला भरणारे संमेलन, महाविद्यालयांची चर्चासत्रे आणि जिल्ह्याचा ग्रंथोत्सव येथे एक टेबल आणि एक माणूस एवढ्यात काम होते.

प्रकाशन समारंभाबद्दल दोनच सूचना आहेत. वक्ते तीनपेक्षा अधिक नसावेत आणि पुस्तकांचे टेबल दारातच असावे. सत्काराच्या नारळ-शालीला पैसे असतात आणि विक्रीला माणूस नसतो, असे समारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत.

कायद्याने द्यायच्या प्रती

१९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा सार्वजनिक ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. दंड जास्तीत जास्त ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत एवढाच असल्यामुळे अनेक जण या पायरीकडे दुर्लक्ष करतात. पण शंभर वर्षांनी आपल्या पुस्तकाची प्रत कुठे सापडण्याची शक्यता असेल तर ती याच चार ठिकाणी, तेव्हा ही पाकिटे पहिल्या गठ्ठ्यातूनच भरावीत आणि पोचपावत्या पुस्तकाच्या फाइलला लावाव्यात.

वर्षअखेरचा हिशेब

३१ मार्चला गोदामातल्या प्रती हाताने मोजाव्यात. छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या, वितरकांकडे असलेल्या आणि समोर असलेल्या प्रतींची बेरीज जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर चूक बहुधा भेट दिलेल्या प्रतींच्या नोंदीत असते. मेअखेरपर्यंत प्रत्येक लेखकाला विवरण पाठवावे, आणि विक्री शून्य असेल तरी पाठवावे. मानधन सत्तर रुपये झाले असेल तर सत्तर रुपये पाठवावेत. तीन वर्षांत ज्या पुस्तकाच्या वर्षाला दहा प्रतीही हलत नाहीत, त्याच्या उरलेल्या प्रती लेखकाला निर्मितिखर्चात देऊ कराव्यात. त्याने नको म्हटले तर गावोगावच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांना द्याव्यात. ज्या पुस्तकाच्या प्रती चाळीसच्या खाली आल्या आहेत आणि मागणी चालू आहे, त्याच्या पुनर्मुद्रणाचा विचार याच वेळी करावा. वाचकांनी आणि लेखकाने कळवलेल्या चुका मूळ फाइलमध्ये त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्याव्यात आणि मगच छापखान्याकडे शंभर प्रतींचा नवा दर मागावा.